एसी चालतो, खोली मात्र गार होत नाही

मार्च उलटला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा ठरलेला असतो, आणि त्या पत्रांतले एक वाक्यही ठरलेले असते : ‘मेकॅनिक येऊन गेला, गॅस संपला आहे म्हणतो.’ हे वाक्य कधी खरे असते, पुष्कळदा नसते. एसी गार करीत नाही या एकाच तक्रारीमागे अनेक कारणे असू शकतात आणि त्यांतली बरीचशी गॅसशी संबंधित नसतात, म्हणून या वेळी त्याच विषयावरची काही पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे वगळून केवळ गावे ठेवली आहेत.

प्रश्न : आमचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी चार वर्षांचा आहे. दर उन्हाळ्याच्या तोंडावर त्यात गॅस भरावा लागतो. मेकॅनिकचे म्हणणे असे की, वापराने गॅस थोडाथोडा कमी होतोच, तेव्हा दरवर्षी ‘टॉप-अप’ करून घेतलेला बरा. यंदा पुन्हा तीच वेळ आली आहे. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बरोबर नाही. एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधले पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, झिजत नाही की जुना होऊन निकामीही होत नाही. आतल्या युनिटच्या कॉइलमध्ये खोलीतली उष्णता शोषून त्याची वाफ होते, कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या युनिटच्या कॉइलमध्ये ढकलतो, तिथे उष्णता बाहेरच्या हवेत सोडून तिचा पुन्हा द्रव होतो, आणि हा फेरा तांब्याच्या बंद नळ्यांतून वर्षानुवर्षे चालू राहतो. तेव्हा गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेलेला आहे. ती जागा शोधून बंद केल्याशिवाय गॅस भरणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचे बिल आजच फाडून ठेवणे होय.

परंतु त्याआधीचा प्रश्न असा की, गॅस खरोखरच कमी झाला आहे का? याचा अंदाज आपल्याला घरच्या घरी घेता येतो. दारे-खिडक्या लावून, तापमान सर्वांत खाली आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवून एसी वीस मिनिटे चालू द्यावा. मग एखादा साधा डिजिटल थर्मामीटर प्रथम आतल्या युनिटच्या वरच्या बाजूस, जिथून खोलीतली हवा आत खेचली जाते तिथे, आणि नंतर खालच्या झडपांतून हवा बाहेर येते तिथे धरावा. दोन्ही आकड्यांत आठ ते बारा अंशांचा फरक असेल, तर यंत्र आपले काम करीत आहे आणि खोली गार न होण्याचे कारण यंत्राबाहेर आहे. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत हा फरक खालच्या टोकाकडे झुकतो, विदर्भाच्या कोरड्या हवेत वरच्या टोकाकडे; तेवढ्याने घाबरू नये. फरक तीन-चार अंशांचाच भरला आणि फिल्टर स्वच्छ असला, तर मात्र शंका घेण्यास जागा आहे.

बाहेरचे युनिट गच्चीत किंवा बाल्कनीत, हाताशी असेल तर आणखी एक खूण पाहता येते. त्याच्या कुशीत एक बारीक आणि एक जाड अशा दोन नळ्या जोडलेल्या असतात. एसी नीट चालत असताना जाड नळी गार लागते आणि दमट हवेत तिच्यावर घाम धरतो. बारीक नळीच्या नटाभोवती पांढरा बर्फ साचला आहे आणि जाड नळी मात्र कोरडी व कोमट आहे असे दिसले, तर गॅस कमी असण्याचा संभव बराच मोठा आहे. युनिट भिंतीबाहेर टांगलेले असेल तर ही खूण पाहण्यासाठी खिडकीतून वाकू नये. एसीसाठी तेवढी जोखीम घेण्याचे कारण नाही.

आता गळतीविषयी. ती बहुधा तीन ठिकाणी सापडते : नळ्या जिथे पितळी नटांनी जोडलेल्या असतात ते सांधे, आतल्या युनिटची कॉइल आणि भिंतीच्या कडेला घासून झिजलेली नळी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे फिरत असते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून तो काळपट दिसतो. नटांवरचे फोमचे आवरण बाजूला केले की हा डाग कित्येकदा उघड्या डोळ्यांना दिसतो. सांधा गळत असेल तर काम सोपे आहे. कॉइलला बारीक छिद्रे पडली असतील तर ते दुखणे मोठे. खाडीलगतच्या किंवा उघड्या नाल्याजवळच्या घरांत हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे तांबे काळे पडून पोखरले जाते आणि अशा कॉइलची छिद्रे झाळून भागत नाही, कारण आज एक छिद्र बुजवले की उद्या शेजारी दुसरे उघडते. तिथे कॉइल बदलणे, आणि शक्य असेल तर संरक्षक लेप दिलेली कॉइल मागणे, हाच मार्ग आहे.

मेकॅनिकला बोलावताना पुढील गोष्टी आधीच स्पष्ट कराव्यात. गॅस भरण्यापूर्वी यंत्रणेत नायट्रोजन दाबाने भरून, सांध्यांना साबणाचा फेस लावून गळती तपासली गेली पाहिजे. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल निदान वीस-पंचवीस मिनिटे खेचून घेतली पाहिजे. पंप न आणता, थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलण्याची जी पद्धत सर्रास दिसते ती पत्करू नये, कारण मागे राहिलेली ओल कॉम्प्रेसरचे तेल खराब करते. शेवटी गॅस वजनकाट्यावर तोलून भरावा. किती ग्रॅम भरायचा हे बाहेरच्या युनिटवरील नेमप्लेटवर छापलेले असते. केवळ गेजचा काटा पाहून भरण्याची सवय आर-२२ या गॅसवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांवर पडली. त्यांत चालू स्थितीत पासष्ट-सत्तर पीएसआयचा दाब अपेक्षित असे. आजच्या आर-३२ गॅसच्या यंत्रांत तो जवळजवळ दुप्पट असतो आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा वेग सारखा बदलत असल्याने काटाही हलत राहतो, म्हणून त्या वाचनावर एकट्यावर विसंबता येत नाही. आर-३२ सौम्य प्रमाणात ज्वलनशीलही आहे. नळी झाळण्यापूर्वी उरलेला गॅस काढून घेणे आणि खोली उघडी ठेवणे आवश्यक आहे, हे आपणच आठवण करून दिलेले चांगले.

एवढे सर्व ऐकून जो मेकॅनिक ‘मग कंपनीलाच बोलवा’ असे म्हणून निघून जाईल, त्याला जाऊ द्यावे.

प्रश्न : आम्ही नागपुरात तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. खोली साधारण दीडशे चौरस फुटांची, एसी एक टनाचा. रात्री अकरानंतर तो उत्तम चालतो, पण दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत तापमान तीसच्या खाली येत नाही. मदत म्हणून खिडकीतला कूलरही चालू ठेवतो. दोन वेळा सर्व्हिसिंग झाले, दोष सापडला नाही. मोठा एसी घ्यावा का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : दोष सापडला नाही, कारण बहुधा तो एसीत नाहीच. रात्री नीट चालणाऱ्या यंत्रात दुपारपुरता गॅस कमी होत नसतो.

एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. हा आकडा बाहेरचे तापमान ३५ अंश आणि खोलीतले २७ अंश धरून मोजलेला असतो. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पारा कित्येकदा ४५ च्या आसपास जातो, आणि बाहेरचे युनिट जर गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात ठेवलेले असेल तर त्याच्या भोवतीची हवा त्याहूनही तापलेली असते. बाहेरची हवा जितकी गरम, तितके त्या हवेत उष्णता सोडणे यंत्राला जड जाते; म्हणजे आपल्याला क्षमतेची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी ती घटलेली असते. त्यात वरच्या मजल्याचा स्लॅब सकाळपासून तापत राहतो आणि ती उष्णता दुपारनंतर छतातून खाली उतरू लागते. पाच वाजता छताला हात लावून पाहावा. आपला एसी खोलीशी नव्हे, त्या स्लॅबशी झगडत आहे हे ध्यानात येईल.

कूलरचा प्रश्न थोडा विस्ताराने सांगतो, कारण विदर्भातून येणाऱ्या बहुतेक पत्रांत तो असतोच. कूलर उष्णता घराबाहेर टाकत नाही, ती पाण्याच्या वाफेत लपवतो. कोरड्या हवेत, खिडक्या उघड्या ठेवून, दमट हवा बाहेर जाऊ दिली तर ती युक्ती फार छान चालते आणि विजेच्या खर्चात एसीला ती सहज हरवते. परंतु बंद खोलीत एसीबरोबर कूलर लावला, की तीच वाफ एसीच्या कॉइलवर पुन्हा पाणी होते आणि लपलेली सगळी उष्णता एसीच्याच वाट्याला येते. एक लिटर पाण्याच्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यास सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता काढून घ्यावी लागते, यावरून हिशेब करावा. शिवाय खिडकीतला कूलर बाहेरची तापलेली हवा सतत आत ओढत असतो, तो भार वेगळाच. एवढेच नव्हे, कूलर बंद असला तरी त्याच्या वाळ्याच्या किंवा गवताच्या तट्ट्यांमधून बाहेरची हवा आत येतच असते. एसी लावायचा असेल त्या दिवशी कूलरचे तोंड आतून प्लायने किंवा जाड थर्माकोलने बंद करावे. दोहोंपैकी एकच चालवावा.

नवा एसी घेण्यापूर्वी खर्च छतावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर दिल्यास स्लॅब शोषतो ती उष्णता बरीच कमी होते. बाहेरच्या युनिटवर उन्हापासून आडोसा करावा, मात्र तो वर आणि उंच असावा. समोरून किंवा मागून त्याला झाकू नये, नाहीतर त्याने फेकलेली गरम हवाच ते पुन्हा खेचू लागते. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई किंवा शेडनेट बांधणे अधिक उपयोगी, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्यालाही खोलीच्या आतच तापवते. आणि एसी दोन वाजता, खोली तापल्यावर नव्हे, अकरा वाजताच २६ अंशांवर लावून ठेवावा.

एक गोष्ट मात्र जरूर तपासून घ्यावी, ती म्हणजे दुपारचे व्होल्टेज. मल्टिमीटरने एसी चालू असताना मोजावे. दोनशेच्या बरेच खाली जात असेल तर साधा कॉम्प्रेसर वारंवार बंद पडतो आणि इन्व्हर्टर यंत्र स्वतःचा वेग कमी करून घेते. दोन्ही प्रकारांत गारवा घटतो. यंत्र किती व्होल्टेजपर्यंत चालते हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते. त्याखाली जात असेल तर स्टॅबिलायझर बसवावा आणि महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर कमी दाबाची तक्रार नोंदवावी. हे सर्व करूनही दुपार निभत नसेल, तर मात्र वरच्या मजल्यावरील दीडशे चौरस फुटांना एक टन अपुरा आहे हे मान्य करून दीड टनाचा विचार करावा.

प्रश्न : दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, सात वर्षांचा एसी आहे. सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटे छान गार हवा येते, मग नुसता वारा. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा आपोआप गार होऊ लागतो. गॅस भरून झाला, फरक पडला नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वर्णन केलेली लय फार बोलकी आहे. कॉम्प्रेसर तापतो, त्याच्यावरचे ओव्हरलोड नावाचे संरक्षण त्याला बंद करते, तो निवल्यावर पुन्हा सुरू होतो. म्हणजे बाहेरच्या युनिटची उष्णता बाहेर जात नाही. गार हवा थांबते त्या वेळी बाहेरच्या युनिटकडे पाहावे. त्याचा पंखा फिरतो का? फिरत असेल तर नेहमीच्या वेगाने फिरतो का? पंखा मंदावला असेल तर त्याचा कपॅसिटर (मोटर सुरू करून फिरती ठेवणारा विजेचा लहान भाग) क्षीण झालेला असण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, आणि हा सुटा भाग अगदी स्वस्त असतो. पंखा ठीक असेल तर बाहेरची कॉइल मागच्या बाजूने पाहावी. सात वर्षांत रस्त्याची धूळ, कापसासारखा लोळ आणि कबुतरांची पिसे पत्र्यांच्या फटीत इतकी बसलेली असतात की हवेला वाटच राहत नाही. ‘सर्व्हिसिंग’ या नावाखाली कित्येकदा आतलेच युनिट धुतले जाते आणि बाहेरचे अवघड जागी आहे म्हणून तसेच राहते. या वेळी उभे राहून ते धुऊन घ्यावे. पाण्याचा झोत सरळ मारावा, तिरका मारला की पत्र्याच्या नाजूक पाती वाकतात.

पंखा आणि कॉइल दोन्ही ठीक निघाले, तर कॉम्प्रेसरचा कपॅसिटर आणि तो घेत असलेला विद्युतप्रवाह तपासावा लागेल. नेमप्लेटवरील ॲम्पिअरपेक्षा तो बराच जास्त असेल तर कॉम्प्रेसरच थकला असे समजावे. हे काम स्वतः करू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो आणि झाकण उघडून चाचपणाऱ्यास तो जोरदार झटका देऊ शकतो.

जास्त गॅस भरल्यानेही नेमकी हीच लक्षणे दिसतात, हे जाता जाता सांगतो. आपला आधीचा मेकॅनिक गॅस तोलून भरत होता का, हे आपल्यालाच ठाऊक.

प्रश्न : आमच्या एसीतून आधी हवा कमी येऊ लागली, नंतर पुढचे झाकण उघडले तर आत बर्फ दिसला. बर्फ आहे म्हणजे गारवा भरपूर आहे, मग खोली गार का होत नाही? बर्फ खरवडून काढला तर चालेल का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : खरवडू अजिबात नये. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पाती कागदासारख्या पातळ असतात आणि त्यांच्यामागेच गॅसची नळी असते. स्क्रू-ड्रायव्हरची एक घसट पुरते. एसीची वीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा, दोन-तीन तास लागतील, खाली जुने टॉवेल अंथरावेत. घाई असेल तर केवळ पंख्याच्या मोडवर चालवावा.

बर्फ साचतो तो कॉइलवरून पुरेशी उबदार हवा न गेल्यामुळे किंवा गॅस कमी असल्यामुळे. दोहोंत फरक करण्याची एक ढोबळ खूण आहे : बर्फ संपूर्ण कॉइलवर सारखा पसरला असेल तर हवा कमी पडते आहे, आणि एका कोपऱ्यात, गॅस जिथून आत शिरतो तेवढ्याच भागावर जाड थर असून बाकीची कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे. आपण लिहिता की आधी हवा कमी झाली, त्यावरून मला पहिली शक्यता अधिक वाटते. फिल्टरच्या जाळ्या काढून नळाखाली उलट्या बाजूने धुवाव्यात आणि सावलीत पूर्ण वाळवून बसवाव्यात. मग टॉर्चच्या उजेडात खालच्या झडपांमधून आत पाहावे. तिथे लाटण्यासारखा लांब ब्लोअर दिसतो. त्याच्या बारीक पात्यांच्या कडांना करडी, ओलसर, लोकरीसारखी घाण चिकटलेली दिसली, तर नुसते फिल्टर धुऊन हवा परत येणार नाही. पात्यांचा पन्हाळीसारखा आकारच त्या घाणीने भरून जातो आणि ब्लोअर गरगर फिरूनही हवा ढकलत नाही. हा भाग मेकॅनिककडून सोडवून धुऊन घ्यावा. गादीकाम, शिलाई किंवा पाळीव मांजर घरात असेल तर हे दरवर्षी करावे लागते. स्वयंपाकघराला लागून असलेल्या हॉलमध्ये तर त्या घाणीला फोडणीच्या तेलाचाही हात लागतो आणि ती साध्या पाण्याने निघत नाही.

प्रश्न : जुलैत एसी २४ वर असूनही अंग चिकचिकते आणि खोली गार झाली असे वाटत नाही. उन्हाळ्यात याच एसीने उत्तम काम केले. आता आतल्या युनिटमधून पाणीही ठिबकते.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कोकणातल्या पावसाळ्यात एसीचे अर्धे काम हवा वाळवण्याचे असते. हवा हलकीशी गार झाली की थर्मोस्टॅट समाधानी होतो, कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो, आणि ओल मात्र हवेतच राहते. त्यामुळे आकडा २४ दाखवतो आणि घाम तसाच राहतो. रिमोटवर पाण्याच्या थेंबाचे चिन्ह असलेला ‘ड्राय’ मोड याच दिवसांसाठी असतो. तो पंखा मंद ठेवून हवा कॉइलवर अधिक वेळ रेंगाळू देतो. तो नसेल तर ‘कूल’वरच पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवावा. उन्हाळ्यात मात्र हाच ड्राय मोड चुकून लागून राहिला तर खोली गार होत नाही म्हणून तक्रार येते, हेही लक्षात असू द्यावे. दार-खिडक्यांच्या फटी या दिवसांत उन्हाळ्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत, आणि ओले कपडे एसीच्या खोलीत वाळत घालू नयेत.

ठिबकणारे पाणी म्हणजे निचऱ्याची नळी तुंबली आहे. तीत बुळबुळीत शेवाळी थर धरतो. नळीचे बाहेरचे टोक बादलीत किंवा गटारात बुडालेले नाही आणि मध्येच ती वर उचललेली नाही, एवढे पाहून मेकॅनिककडून ती फुंकून घ्यावी.

प्रश्न : एसी नवा आहे, सर्व्हिसिंग झालेले आहे, तरी सुट्टीत नातवंडे येऊन गेल्यापासून गार करीत नाही.
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : नातवंडांना फोन करून रिमोटवर काय दाबले ते विचारावे, तेच सर्वांत जलद निदान ठरेल. आजच्या अनेक इन्व्हर्टर यंत्रांत क्षमता चाळीस किंवा साठ टक्क्यांवर बांधून ठेवणारे बटण असते. ते दाबलेले असेल तर दीड टनाचा एसी पाऊण टनासारखा वागतो आणि बिघाड म्हणावा असे काहीही नसते. हिमकणाचे चिन्ह असलेला ‘कूल’ मोड लागला आहे, क्षमता शंभर टक्के आहे, ‘इको’ आणि ‘स्लीप’ बंद आहेत, एवढे पाहावे. मोड बदलल्यावर कॉम्प्रेसर सुरू होण्यास तीनेक मिनिटे लागतात, तोवर पुन्हा बटणे दाबू नयेत.

प्रश्न : खिडकीतला जुना एसी आहे. आवाज नेहमीसारखा, हवाही जोरात, पण गारवा निम्मा.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पुढच्या जाळीमागे ‘व्हेंट’ लिहिलेली एक लहान खिट्टी असते, ती उघडी राहिली आहे का ते पाहावे. सिगारेटचा धूर बाहेर काढण्यासाठी ती उघडतात आणि मग वर्षानुवर्षे विसरतात. त्यानंतर एसी आणि खिडकीची चौकट यांमधल्या फटी पाहाव्यात. समुद्राच्या खाऱ्या हवेने मागच्या कॉइलच्या पाती बोटाने दाबताच पांढऱ्या भुकटीसारख्या गळू लागल्या असतील, तर धुण्याने काही साधणार नाही. त्या कॉइलचे आयुष्य संपले आहे.

प्रश्न : बारा वर्षांच्या आर-२२ एसीची कॉइल गळते आहे. मेकॅनिक म्हणतो, कॉइल झाळून त्यात नवा आर-३२ गॅस भरून देतो, वीजही वाचेल. करावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : करू नये. आर-३२ चा दाब आर-२२ पेक्षा पुष्कळ जास्त असतो. जुना कॉम्प्रेसर, त्यातले तेल आणि नळ्या त्या दाबासाठी घडवलेल्या नाहीत. त्यात हा गॅस ज्वलनशील असल्याने जुन्या यंत्रातील विजेची जोडणीही त्याच्या दृष्टीने केलेली नसते. हा प्रयोग धोक्याचा आहे आणि वीज वाचण्याचे आश्वासन निराधार आहे.

आर-२२ ओझोनच्या थराला बाधक असल्याने तो टप्प्याटप्प्याने बंद होत असून १ जानेवारी २०२५ पासून त्यावर चालणारी नवी यंत्रे भारतात बनवण्यास मनाई आहे. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो, तेव्हा एखादा नट गळत असता तर दुरुस्त करून घ्या असेच मी म्हटले असते. पण बारा वर्षांच्या यंत्राच्या कॉइलवर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही. नवा घेताना केवळ ताऱ्यांची संख्या पाहू नये. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत असतात, त्यामुळे गोदामात पडून राहिलेल्या जुन्या पाच ताऱ्यांच्या यंत्रापेक्षा ताज्या लेबलचे चार ताऱ्यांचे यंत्र कधी कधी बरोबरीचे ठरते. लेबलवर छापलेला आयएसईईआर (म्हणजे वर्षभराच्या वापरात खर्च झालेल्या विजेमागे किती गारवा मिळतो ते सांगणारा) हा आकडा आणि लेबल कोणत्या काळासाठी आहे ते वर्ष, या दोहोंची तुलना करावी. बसवणाऱ्या माणसाकडून जुनी तांब्याची नळी नव्या यंत्राला वापरू देऊ नये, आणि तो व्हॅक्यूम पंप घेऊन आला आहे की नाही हे त्याने भिंतीला भोक पाडण्याआधी विचारावे.